पाण्यात थांबलेला मासा

जानेवारीतली सकाळ, साडेनऊची वेळ. अमेरिकेच्या मिसूरी राज्यात, ओझार्क डोंगरांमधल्या टेबल रॉक जलाशयाचं पाणी आज ६ अंश सेल्सिअसवर आहे. बोटीच्या पुढच्या टोकाला उभा असलेला गरवणारा हातातल्या काठीला खालच्या दिशेने दोन झटके देतो आणि थांबतो. मनात आकडे मोजू लागतो. पाच, सहा, सात. तंगूस पाण्यावर सैल पडलेली. दहा, अकरा. बोटं बधिर झालीत, काठीच्या कड्यांत पाण्याचे थेंब गोठून बसलेत. चौदा, पंधरा. पुन्हा दोन झटके, पुन्हा थांबणं. चाळीस फुटांवर, पाण्याखाली आठ-दहा फुटांवर, बोटभर लांबीचं प्लॅस्टिकचं मासोळीवजा आमिष मधल्यामधे लटकून राहिलंय. वर येत नाही, खाली जात नाही. हिवाळ्यातला बास मासा पकडायची सगळी विद्या या न हलण्यात आहे. ते न हलणं जमवायला माणसाला पाण्याचं पदार्थविज्ञान आणि माशाचं शरीर, दोन्ही समजून घ्यावं लागलं.

आधी या माशाची ओळख करून द्यायला हवी, कारण आपल्याकडे 'बास' म्हटलं की गोंधळ होतो. हॉटेलात मिळणारा 'बासा' हा आग्नेय आशियातल्या नद्यांमधला, मांगूर-शिंगाळ्याच्या जातकुळीतला, बिनखवल्यांचा मासा. रायगडच्या खाजणातला आपला जिताडा परदेशात 'सीबास' नावाने विकला जातो. टेबल रॉकमधला ब्लॅक बास या दोघांपैकी कुणीच नव्हे. तो उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला, सनफिश कुळातला शिकारी. त्याच्या तीन जाती या जलाशयात एकत्र राहतात: मोठ्या तोंडाचा लार्जमाउथ, लहान तोंडाचा स्मॉलमाउथ आणि ठिपकेवाला स्पॉटेड, ज्याला ओझार्कमधली माणसं 'केंटकी' म्हणतात. पहिल्या दोघांतला फरक जबड्यावरून कळतो. तोंड मिटलेलं असताना जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे गेलं तर लार्जमाउथ, डोळ्याखालीच संपलं तर स्मॉलमाउथ.

याच्या शास्त्रीय नावामागे एक गोड चूक आहे. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेदने १८०२ मध्ये या माशाचं वर्णन केलं, तेव्हा त्याच्यासमोरच्या नमुन्याचा पाठीवरचा पर फाटलेला होता. तुटून वेगळा झालेला तुकडा हा एक स्वतंत्र छोटा पर आहे असं त्याला वाटलं आणि त्याने प्रजातीला 'मायक्रोप्टेरस', म्हणजे लहान पराचा, असं नाव दिलं. त्या एका जखमी माशामुळे साऱ्या वंशाला हे नाव कायमचं चिकटलं.

आता पाण्याकडे वळू. टेबल रॉक हा नैसर्गिक तलाव नाही. व्हाइट नदीवर अमेरिकी लष्कराच्या अभियांत्रिकी विभागाने १९५४ मध्ये धरण बांधायला घेतलं आणि १९५८ मध्ये ते पुरं झालं. २५२ फूट उंचीच्या या भिंतीमागे सुमारे ४३ हजार एकर पाणी पसरलंय. याच नदीवर वरच्या अंगाला बीव्हर आणि खालच्या अंगाला बुल शोल्स अशी आणखी धरणं आहेत. धरणांपूर्वी ही नदी लाकडी, सपाट तळाच्या लांबोळ्या होड्यांतून दिवसच्या दिवस वाहत जात मासे गरवण्यासाठी प्रसिद्ध होती. ब्रॅन्सन गावच्या जिम ओवेनने अशा सफरींचा मोठा धंदा उभा केला होता. धरणं झाली, वाहती नदी थबकली आणि तो धंदा संपला. ओएसिस नावाचं एक छोटं गाव पाण्याखाली गेलं. उजनीत गेलेलं पळसदेवचं मंदिर ज्यांनी उन्हाळ्यात वर आलेलं पाहिलंय, त्यांना धरणाच्या पोटातल्या गावाबद्दल काही वेगळं सांगायला नको.

पण माशाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी. दरी भरली तेव्हा तिच्या उतारावरची झाडं बऱ्याच ठिकाणी तशीच उभी राहिली. आज पाण्याखाली बुडलेलं रान आहे, देवदारासारख्या सीडरच्या झाडांचं. जुन्या नदीचं पात्र दरीच्या तळाशी अजून तसंच वळणं घेत जातं. जिथे ते वळण कड्याला येऊन भिडतं तिथे किनाऱ्यापासून हातभर अंतरावर एकदम चाळीस-पन्नास फूट खोली मिळते. हिवाळ्यातला बास अशा जागा धरून असतो, कारण उथळातून खोलात जायला त्याला फार पोहावं लागत नाही. उन्हाळ्यात जो मासा अर्धा फर्लांग सहज जाईल, त्याला जानेवारीत तेवढी हालचालही महागात पडते.

का, ते समजायला पाणी थंड कसं होतं ते पाहावं लागेल. उन्हाळ्यात अशा खोल जलाशयाचे सरळ थर पडतात. वर ऊन खाल्लेलं, हलकं, २७-२८ अंशांचं पाणी. खाली थंड आणि जड पाणी. दोहोंमध्ये काही फुटांचा एक पट्टा, जिथे तापमान झपाट्याने उतरतं. वरचं आणि खालचं पाणी एकमेकांत मिसळत नाही, त्यामुळे तळाशी हवेतला प्राणवायू पोचत नाही आणि कुजणाऱ्या पालापाचोळ्याने तिथला होता तोही संपत जातो. म्हणून ऑगस्टात बासला तळ बंद असतो. थंडावा असतो, पण श्वास घेता येत नाही.

शरद ऋतूत रात्री गार होतात. वरचं पाणी थंड होतं, थंड होऊन जड होतं, जड होऊन खाली बसू लागतं. आठवड्यामागून आठवडे हे चालतं आणि मधला पट्टा खाली खाली ढकलला जाऊन शेवटी मोडतो. डिसेंबरच्या सुमारास जलाशय वरपासून तळापर्यंत जवळजवळ एकाच तापमानाचा झालेला असतो. याच उलथापालथीत प्राणवायू खोलवर उतरतो. शिवाय थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो: ३० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ५ अंशांच्या पाण्यात पावणेतेरा. म्हणजे हिवाळ्यात बाससाठी सगळ्या घराची दारं उघडी असतात. तो दहा फुटांवर असेल किंवा साठ फुटांवर, झाडाच्या शेंड्यावर असेल किंवा मोकळ्या पाण्यात. उन्हाळ्यात गरवणाऱ्याला निदान तळ वगळता येतो, हिवाळ्यात काहीच वगळता येत नाही. हिवाळी मासेमारी कठीण का, याचं पहिलं कारण हे. थंडी बोचते हे त्यामानाने किरकोळ.

याच्या पुढे पाण्याचा तो प्रसिद्ध विक्षिप्तपणा येतो. ४ अंशांपर्यंत ते थंड होताना आकसत आणि जड होत जातं, आणि तिथून पुढे गोठेपर्यंत उलट फुगतं, हलकं होतं. त्यामुळे सर्वांत थंड पाणी वर राहतं, बर्फ वरून धरतो आणि खाली ४ अंशांचं पाणी मासे जिवंत ठेवतं. उत्तरेकडच्या मिनेसोटात हे दरसाल घडतं, माणसं बर्फाला भोकं पाडून गरवतात. टेबल रॉक मात्र दक्षिणेला आहे. कडाक्याच्या थंडीत त्याच्या आतल्या अरुंद खाड्यांवर पापुद्रा धरतो, मुख्य पाणी मोकळं राहतं. म्हणून इथे बोट चालते, आणि म्हणूनच बोटीतून हिवाळी बास धरण्याची कला ज्या थोड्या जागी घडली त्यांत ओझार्कचं नाव येतं.

बास शीतरक्ती आहे. त्याचं अंग पाण्याइतकंच गरम किंवा थंड. अशा प्राण्यांत ढोबळमानाने तापमान १० अंशांनी उतरलं की चयापचयाचा वेग निम्म्यावर येतो. २६ अंशांवरून ६ अंशांवर आलेला बास चौथाईच्या आसपास गतीने जगत असतो. उन्हाळ्यात एका दिवसात पचणारं भक्ष्य हिवाळ्यात कित्येक दिवस पोटात राहतं. भूक मरत नाही, पण तिच्या वेळा लांबतात. हे दिवस माशासाठी निव्वळ काटकसरीचेही नाहीत. माद्यांच्या पोटात अंडी याच महिन्यांत भरत असतात, वसंतात पाणी १६-१७ अंशांच्या पुढे गेलं की ती घालायची असतात. म्हणजे खायला तर हवं, पण पाठलागात खर्च होता कामा नये. भक्ष्य समोर आलं, ते पळून जाणार नाही अशी खात्री पटली, तरच तोंड उघडायचं.

आणि असं भक्ष्य थंडीच पुरवते. या जलाशयांत शाड नावाचे चंदेरी मासे लाखोंनी असतात, आपल्या भिंगाच्या दूरच्या नात्यातले. त्यांतला थ्रेडफिन शाड, ज्याच्या पाठीच्या परातून एक लांब धागा निघतो, हा मुळात दक्षिणेतल्या कोमट पाण्याचा जीव. पाणी ७ अंशांच्या खाली जाऊ लागलं की त्याचा तोल जायला लागतो. तो मध्येच थरथरतो, दोन-चार इंच उसळतो आणि मग डोकं किंचित खाली करून पाण्यात नुसता लटकतो. पुन्हा थरथरतो. आणखी थंडी पडली तर असे मासे थव्यांनी मरतात. वर सीगल घिरट्या घालतात, उत्तरेकडून हिवाळा काढायला आलेले लून पक्षी बुड्या मारतात, आणि त्या बुड्या पाहून जाणता गरवणारा बोट तिकडे वळवतो. लून जिथे वारंवार बुडतो तिथे शाड आहे, शाड आहे तिथे बास असण्याची शक्यता आहे.

सुरुवातीचं ते लटकणारं आमिष म्हणजे याच मरणोन्मुख शाडची नक्कल. दोन झटके म्हणजे थरथर. पंधरा सेकंदांची शांतता म्हणजे लटकणं. आता त्या शांततेची गोष्ट सांगतो, कारण मला या साऱ्या विषयात तीच सर्वांत देखणी वाटते.

ती सुरू होते फिनलंडमध्ये. लाउरी रापाला हा गरीब मच्छीमार पाइयेने तलावावर होडी वल्हवताना पाण्याखालच्या शिकाऱ्यांना बघत बसे. त्याच्या ध्यानात आलं, की मोठा मासा लहानग्यांच्या थव्यात घुसतो तेव्हा धडधाकट मासोळीच्या वाटेला जात नाही. जी जरा वाकडी पोहते, जिचा तोल गेलाय, तिलाच उचलतो. १९३६ मध्ये त्याने चांभाराच्या रापीसारख्या सुरीने बुचाचा तुकडा कोरला, चीज आणि चॉकलेटच्या वेष्टनातली चांदी त्यावर चढवली, फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून वरून त्याचं रोगण दिलं. ते आमिष ओढलं की जखमी मासोळीसारखं डुलत पोहे. १९६२ च्या ऑगस्टात 'लाइफ' साप्ताहिकात त्यावर लेख आला. नेमक्या त्याच अंकात मेरिलिन मन्‍रोच्या मृत्यूची बातमी होती, अंक घरोघर गेला आणि रापालाच्या कारखान्याला मागणी पुरवता येईना.

पण रापालाचं आमिष हलकं होतं. ओढलं की बुडे, थांबलं की वर येई. उन्हाळ्यात हे चालतं, ६ अंशांच्या पाण्यात चालत नाही. अर्धवट जागा असलेला बास आमिषाकडे सरकू लागतो तोवर ते त्याच्या डोक्यावरून वर निघून गेलेलं असतं, आणि मरणारा शाड असा भराभरा वर जात नाही हे बासला ठाऊक असतं. मग ओझार्कमधल्या माणसांनी स्वतःच उद्योग सुरू केला. लुइझियानात बनणारं 'रॉग' नावाचं प्लॅस्टिकचं तरंगतं आमिष घ्यायचं, त्याच्या पोटाला शिशाच्या पातळ चिकटपट्ट्या लावायच्या, किंवा गऱ्यांच्या देठाला डाख लावायची तार गुंडाळायची, आणि पाण्याच्या बादलीत सोडून बघायचं. वर आलं तर आणखी थोडं शिसं. बुडालं तर नखाने थोडं खरवडून काढायचं. सोनाराच्या पेढीवर बसावं तसं हे काम.

सोनाराची आठवण उगाच झाली नाही. हिशोब करून पाहा. २५ अंशांच्या पाण्याची घनता ०.९९७० असते, ५ अंशांच्या पाण्याची जवळजवळ १.००००. फरक फक्त हजारात तीन. आमिष १५ घन सेंटिमीटर पाणी बाजूला सारत असेल, तर आर्किमिडीजच्या नियमाने हिवाळ्यात त्याला वर ढकलणारं बल साधारण ०.०४५ ग्रॅमने वाढतं. गव्हाच्या एका दाण्याएवढं वजन, गुंजेच्या निम्म्याहून कमी. पण जे आमिष उन्हाळ्यात मध्यावर अचूक थांबत होतं ते एवढ्याने हिवाळ्यात हळूहळू वर चढू लागतं. म्हणून घरच्या कोमट बादलीत केलेली जुळणी तलावावर फसते, आणि जाणते लोक शेवटची पट्टी बोटीवरच, त्या दिवशीच्या पाण्यात आमिष धरून लावतात. तंगूसही हिशोबात धरावी लागते. साधं नायलॉन पाण्याहून किंचितच जड, तर फ्लुरोकार्बनची तंगूस पाण्याच्या पावणेदोन पटीहून जड असते. ती आमिषाचं नाक खाली ओढते. बारीक घेतली तर आमिष जास्त खोल जातं, कारण जाड दोऱ्याला पाणी जास्त अडवतं.

पुढे कारखान्यांनीच पाण्यात थांबणारी आमिषं बनवायला घेतली. त्यात जपानी कारागिरांनी कमाल केली. हामामात्सुच्या मेगाबास कंपनीच्या युकी इतो यांचं 'व्हिजन ११०' ओझार्कच्या बोटींवर हमखास सापडतं. त्याच्या पोटात सरकत्या टंगस्टनच्या गोळ्या असतात. फेकताना त्या शेपटाकडे जातात म्हणून आमिष लांब पडतं, ओढताच पुढे येतात म्हणून ते नीट पोहतं.

हिवाळ्यात बास आमिष घेतो तेव्हा हाताला हिसका बसेलच असं नाही, आणि नवख्याची फसगत इथेच होते. मासा जवळ येतो, तोंड उघडतो, पाण्यासकट आमिष आत ओढतो आणि तिथेच उभा राहतो. वर काठीला एवढंच जाणवतं की तंगूस ओल्या पाल्यात अडकल्यासारखी जड झालीय. कधी सैल दोरा नुसता दोन इंच आडवा सरकतो. पंधरा मोजून होण्याआधी कंटाळून ओढणाऱ्याला हे दिसतच नाही. किती मोजायचं हे पाण्याचं तापमान ठरवतं: १० अंशांला चार-पाच पुरतात, ५ अंशांला वीस-तीसही मोजावे लागतात. वारा आणि ढग असतील तर उत्तम, कारण पृष्ठभाग हलला की वरून शिरणारा उजेड मोडतो आणि शिकारी धीट होतो. निरभ्र, निवांत, सुंदर दिवस गरवणाऱ्याला बहुधा रिकाम्या हाताने परत पाठवतो. घाईने पहाटे निघण्यातही फार अर्थ नसतो. दक्षिणेकडे तोंड केलेल्या खडकाळ काठावर दुपारपर्यंत ऊन साचतं, पाणी अर्ध्या-एक अंशाने चढतं, आणि या दिवसांत अर्धा अंश पुष्कळ झाला.

जे मासे वर येतच नाहीत त्यांच्यासाठी दुसरी तऱ्हा. तीस ते साठ फुटांवर, बुडलेल्या झाडांच्या शेंड्यांभोवती ते थव्याने असतात. त्यांच्यापर्यंत जड धातूचा लांबट चमचा किंवा शिशाच्या डोक्याची बारीक रबरी मासोळी सरळ खाली सोडायची आणि त्यांच्या जरा वर धरून ठेवायची. बास वर बघून खातो, खाली बघून क्वचित. पूर्व टेनेसीतल्या लोकांची युक्ती याहून नाजूक: बदकाच्या पिसांची नखाएवढी माशी आठ-दहा फूट दोऱ्याला बांधून वरच्या तरंगत्या बुचाला लटकवायची, आणि पुढचं काम लाटांवर सोपवायचं.

पण साठ फूट खाली मासा आहे हे कळतं कसं? ध्वनीने. पाण्यात आवाज सेकंदाला १,४०० मीटरहून जास्त वेगाने जातो. बोटीखालचं यंत्र बारीक ठोके सोडतं आणि प्रतिध्वनी मोजतं. माशाचं मांस आणि पाणी यांत आवाजाच्या दृष्टीने फारसा फरक नसतो. त्याला उघडं पाडतं ते त्याच्या पोटातलं वाताशय, म्हणजे पाण्यात तरंगत राहण्यासाठी असलेली हवेची पिशवी. हवेवर आदळून आवाज जोरात परततो. मिसूरीच्याच जॉप्लिन गावात कार्ल लोरन्स यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस सामान्य माणसाला परवडेल असं पहिलं मत्स्यशोधक यंत्र आणलं. आता गार्मिनच्या २०१८ च्या लाइव्हस्कोपपासून पुढे पाहणारी यंत्रं आलीत. त्यांच्या पडद्यावर शंभर फुटांवरचा मासा, आपलं आमिष, आणि त्या माशाने तोंड फिरवणं, सारं त्या क्षणी दिसतं. अमेरिकेतल्या मोठ्या स्पर्धांनी यावर निर्बंध आणायला सुरुवात केलीय, वाद तापलेला आहे. माझं मत विचाराल तर मी निर्बंधांच्या बाजूचा. हिवाळ्यात बास खोलात थवा करून, मंद होऊन राहतो, त्याला पळायला ताकद नसते. अशा वेळी त्याला लपायची जागाही उरू नये हे मनाला पटत नाही.

त्या वाताशयाचा दुसराही संबंध आहे. गोड्या पाण्यात दर सुमारे ३४ फुटांना दाब एका वातावरणाने वाढतो. चाळीस फुटांवरून भराभर वर आणलेल्या माशाच्या पिशवीतली हवा दुपटीहून अधिक फुगते. मोठ्या झालेल्या बासमध्ये या पिशवीतून तोंडाकडे जाणारी वाट नसते, हवा ढेकर देऊन काढता येत नाही. मासा सोडला तरी पोट वर करून तरंगतो, खाली जाऊ शकत नाही. मग पोकळ सुईने बाजूने टोचून ती हवा काढावी लागते, आणि जागा चुकली तर आतडं फाटतं. त्याहून बरी गोष्ट म्हणजे खोलात दोन-चार मासे मिळाले की तिथून उठणं. पुष्कळ जण तसं करतात.

मासा जिवंत सोडण्याची ही रीत तशी जुनी नाही. अलाबामातला विमा एजंट रे स्कॉट याने जून १९६७ मध्ये, टेबल रॉकच्या वरच्या बीव्हर जलाशयावर १०६ जणांना जमवून बास पकडण्याची स्पर्धा भरवली. आज जो अब्जावधी डॉलरचा खेळ आहे त्याची सुरुवात ती. त्या काळी पकडलेले मासे दोरीत ओवून मेलेलेच वजनकाट्यावर येत. १९७२ पासून स्कॉटने स्पर्धांत मासे जिवंत ठेवून सोडायला लावलं, बोटींमध्ये वाहत्या पाण्याच्या टाक्या आल्या आणि हळूहळू सारी पिढी बदलली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सोडण्याची ही नीती बासच्या मायभूमीतली आहे. जपानमध्ये १९२५ साली आशी तलावात हा मासा मुद्दाम आणून सोडला गेला, पुढे तो बिवा या प्राचीन तलावात पोचला आणि तिथल्या देशी माशांवर त्याने संक्रांत आणली. २००९ मध्ये बिवातच मानाबू कुरिता यांनी २२ पौंड ४ औंसांहून किंचित मोठा बास पकडून जॉर्जिया राज्यातल्या जॉर्ज पेरी यांच्या १९३२ च्या विक्रमाशी बरोबरी साधली, साऱ्या जगातल्या गरवणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण ज्या शिगा प्रांतात बिवा आहे तिथे २००३ पासून पकडलेला बास पुन्हा पाण्यात सोडायला बंदी आहे. उजनीत चिलापीने काय केलं हे पाहिलेल्या आपल्या लोकांनी तरी असला कुठलाही पाहुणा मासा हौसेखातर आपल्या धरणांत आणायचा विचार करू नये.

राहिली बोट. या भागात तिचं प्रस्थ मोठं आहे. टेबल रॉकच्या खालच्या अंगाला फ्लिपिन गावात फॉरेस्ट वूड यांनी १९६८ मध्ये रेंजर बोटी बनवायला घेतल्या. स्प्रिंगफील्डमध्ये वडिलांच्या दारूच्या दुकानाच्या कोपऱ्यात आमिषं विकणाऱ्या जॉनी मॉरिसने १९७८ मध्ये बोट, इंजिन आणि गाडा एकत्र, एका किमतीत विकायला काढला, आणि साध्या पगारदारालाही बासची बोट घेता येऊ लागली. आजच्या २०-२१ फुटी बोटीला २५० अश्वशक्तीचं इंजिन असतं. पुढे विजेवर चालणारी छोटी पायमोटर असते, ती उपग्रहाच्या मदतीने बोट वाऱ्यात एकाच जागी धरून ठेवते. आमिष थांबवायचं तर आधी बोट थांबावी लागते.

मोठ्या इंजिनाचा वेग मात्र हिवाळ्यात वैरी होतो. हवा शून्य अंश असताना ताशी १०० किलोमीटरने बोट हाकली तर उघड्या कातडीला ती उणे १० सारखी लागते. म्हणून डोळ्यांना गॉगल, तोंडाला मफलर, आणि खिशात गरम होणाऱ्या पुड्या. पण खरी भीती वाऱ्याची नव्हे, पाण्यात पडण्याची. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने अंगातली ऊब खेचतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेक्ट यांनी स्वतःला गोठत्या पाण्यात उतरवून यावर संशोधन केलं, आणि तीन आकडे लोकांच्या तोंडी बसवले: १, १०, १. पहिल्या मिनिटात श्वास अनावर होतो, धाप लागते, नाकातोंडात पाणी जातं. तेवढ्यात फक्त श्वास सावरायचा. पुढची दहा मिनिटं हातपाय कह्यात असतात, तेवढ्यात बोटीवर चढायचं. शुद्ध हरपायला त्यानंतरही तासभर लागतो, पण लाइफ जॅकेट असेल तरच तो तास मिळतो. चांगलं पोहणारी माणसं थंडीने बेशुद्ध होण्याच्या कितीतरी आधी, हात चालेनासे झाले म्हणून बुडतात. १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेत २६ फुटांखालच्या बोटीत वेगाने जाताना इंजिन बंद करणारी दोरी चालकाने अंगाला अडकवायचा कायदा आहे. माणूस बाहेर फेकला गेला की दोरी निसटते आणि बोट तिथेच थांबते. ज्या माणसाला जानेवारीत एकट्याने जायची हौस आहे त्याने त्या दिवशी घरी राहावं असं मला प्रामाणिकपणे वाटतं. मासे मार्चातही असतात.

दिवस लहान असतो. चार वाजले की कड्यांची सावली पाण्यावर पसरते आणि पाणी पुन्हा थंड होऊ लागतं. शेवटचा मासा हातात असतो तेव्हा हातमोजा काढून, हात ओले करूनच धरायचा, म्हणजे त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघत नाही. गोठत्या हवेत त्याला फार वेळ वर ठेवायचं नाही, कल्ल्यांचे पातळ पापुद्रे थंडीने गोठून इजा पावतात. पाण्यात सोडला की तो उन्हाळ्यासारखा शेपूट आपटून निघून जात नाही. क्षणभर तिथेच थांबतो, पर हलवतो, आणि मग झाडांच्या शेंड्यांकडे सावकाश उतरत दिसेनासा होतो.

धक्क्यावर बोट गाड्यावर चढवल्यावर इंजिन उभं करून त्यातलं पाणी पुरतं निथळू द्यावं लागतं, आत राहिलं तर रात्री गोठून फुगतं आणि इंजिनाला तडा देतं. बोटीच्या तळाची डाटही काढायची असते. पण ती उतारावर काढायची नाही, गाडी वर सपाटीला नेऊन काढायची. उतारावर सांडलेलं पाणी पाच मिनिटांत काच होतं, आणि मागून येणाऱ्याची गाडी बोटीसकट पाण्यात घसरते. इथली जुनी माणसं गाडीत वाळूची एक बादली ठेवतात, आणि निघण्याआधी उतारावर ती पसरून जातात.